शेवटचे चार अध्याय

आमच्या लोणावळ्याच्या घरात देवघराला लागून एक अरुंद खोली आहे. तिच्या खिडकीशी सागवानी टेबलावर माझ्या पत्नीचा संगणक नऊ वर्षे झाकून ठेवलेला होता. आजकाल मांडीवर मावतात तसल्या पातळ यंत्रांपैकी तो नव्हता. मागे फुगलेला जड पडदा, त्याच्या खाली पत्र्याची पेटी, आणि पुढे कळफलक, ज्यावरची बरीच अक्षरे तिच्या बोटांनी पुसून गेली होती. ती गेल्यानंतर तिच्या पूजेच्या रेशमी वस्त्राने मी ते सारे झाकले. दर खंडेनवमीला वस्त्र काढावे, धूळ पुसावी, गंध, अक्षता आणि झेंडूचे फूल वाहावे, नमस्कार करून पुन्हा झाकावे, एवढाच माझा आणि त्या यंत्राचा संबंध उरला होता. बटण मी कधी दाबले नाही. ज्यावर तिचा हात चालला ते तिच्यामागे आपण उगीच हाताळू नये, असे मला वाटे.

त्या पेटीत काय होते, ते सांगितले पाहिजे. माझ्या गुरुजींनी मला लहानपणी बारा अध्यायांचे एक संस्कृत देवीस्तवन मुखोद्गत करून दिले होते. पुढे पाठशाळेत मी तेच शिकवले आणि मंगळवारी देवळात त्याचा पाठ करू लागलो. मळवली, कान्हे, कामशेत अशा ठिकाणांहून बायका ऐकायला येत. हात जोडून बसत, प्रसाद घेऊन जात. त्यांतल्या एकीलाही अर्थ कळत नाही, हे माझ्या पत्नीने मला एकदा जेवताना सांगितले, आणि त्याचा तिला राग आलेला होता. “तुम्ही म्हणता, त्या ऐकतात. मध्ये भिंत आहे,” ती म्हणाली. त्यानंतर तिने प्रत्येक श्लोकाचा मराठी अर्थ लिहायला घेतला.

तिची रीत ठरलेली होती. मी अन्वय लावून अर्थ सांगत असे. ती तो ऐके, मग संगणकावर लिही. लिहून झाले की स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने वाचून दाखवी. आमच्याकडे मळवलीहून एक मावशी धुण्याभांड्याला येतात, त्याच तिच्या परीक्षक. त्यांनी मान हलवली की श्लोक पुरा झाला. नाही हलवली, तर पुन्हा लिहायचा.

एके ठिकाणी ‘अनन्यशरण’ असा शब्द होता. मी सांगितल्याप्रमाणे तिने आधी तोच ठेवला होता.

“म्हंजी काय वो वैनी?” मावशींनी विचारले.

“म्हणजे, ज्याला तिच्याशिवाय आधार नाही असा.”

“ह्ये बी पुस्तकातलंच झालं. आमच्यात असं कोन बोलतं?”

पत्नी हसत परत आली. दुसऱ्या दिवशी तिने लिहिले, ‘ज्याला दुसरे दार ठाऊक नाही असा मी.’ मावशींनी हातातले पातेले खाली ठेवले आणि म्हणाल्या, “ह्ये माज्यासाठीच लिवलंय जनू.” मी पन्नास वर्षे तो शब्द उच्चारीत आलो होतो. ते दार मला त्या दिवशी प्रथम दिसले.

अशा रीतीने तिने सतरा वर्षे काम केले. आठ अध्याय शुद्ध करून कागदावर छापून ठेवले. उरलेले चार लिहून झाले होते, पण त्यांवरून अखेरचा हात फिरवायचा होता, म्हणून ते छापले नव्हते. नंतर आजार आला आणि तीन महिन्यांत सारे संपले. चार अध्याय पेटीतच राहिले. तिने काही चपट्या फ्लॉपींवर त्यांच्या प्रती करून ठेवल्या होत्या खऱ्या. पण आमच्या गावच्या पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, लाकडाला येते, तशी त्यांनाही आली. आतल्या काळ्या पातळ चकतीवर पांढरी नक्षी उमटली होती.

तरीही मला चिंता नव्हती. पोथी रुमालात बांधून ठेवली की ती राहते, हे मी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले. कसर लागू नये म्हणून पोथ्यांत आम्ही वेखंड ठेवतो. तशी वेखंडाची एक पुरचुंडी मी पेटीच्या मागच्या फटीतून आतही सोडली होती. गेल्या आषाढात मला एक्याऐंशीवे लागले. आता ग्रंथ छापून घ्यावा असे मनाने घेतले, तेव्हा प्रथमच मी यंत्र चालू करण्याचा विचार केला.

बाजारात एक मुसलमान गृहस्थ जुनी यंत्रे दुरुस्त करतात. त्यांच्या वडिलांचे रेडिओचे दुकान होते. यांनी संगणक शिकून घेतले आणि कोणी टाकून दिलेली जुनी यंत्रे माळ्यावर जमवून ठेवली. सारा बाजार त्यांना उस्ताद म्हणतो. मी निरोप पाठवताच ते भर पावसात आले, दाराशी बूट काढले, पाय धुतले, आणि देवघराशेजारच्या खोलीत जायला हरकत नाही ना, असे मला विचारले. मी म्हणालो, “वैद्याला कसली हरकत?”

मी बटणाकडे हात नेला तसा त्यांनी माझा हातच धरला.

“अजिबात नाही, गुरुजी. हवेत एवढं पाणी आहे. आत्ता वीज दिली तर जे आहे तेही जाईल. पाऊस संपू द्या, दिवाळी होऊ द्या. नऊ वर्षं थांबलात, अजून चार महिने थांबा.”

त्यांनी फक्त झाकण उघडून पाहिले. आत सगळीकडे पिवळसर भुकटी पसरलेली होती. पुरचुंडी ओलीने कुजून फुटली होती. चिमटीत घेऊन त्यांनी वास घेतला.

“वेखंड? याला काय सर्दी झाली होती, गुरुजी?”

मी ओशाळलो. मावशी दारातून म्हणाल्या, “बरं झालं, गुटी न्हाई पाजली.” तिघेही हसलो. त्या यंत्रापाशी बसून हसण्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

मार्गशीर्षात, हवा कोरडी झाल्यावर, उस्ताद सकाळी पिशवी घेऊन आले. त्यांचे काम मी शेजारी पाटावर बसून पाहिले. कुठेही घाई नव्हती. मऊ कुंचल्याने त्यांनी भुकटी काढली. वीज पुरवणारा डबा वेगळा करून तपासला. त्यातले दोन भाग टोकाशी फुगले होते, ते काढून नवे जोडले. मग पडद्यावर अक्षरे आली, पण आपल्याजवळ माहिती साठवणारी चकती आहे, हेच यंत्राला आठवेना. आतली बटणाएवढी बॅटरी संपली की त्याची ही स्मृती जाते, असे ते म्हणाले. चकतीच्या डब्यावर चिकटवलेल्या कागदावर तिची मापे छापलेली होती. ती पाहून त्यांनी एकेक आकडा हाताने भरला. एखाद्याला त्याचे गोत्र सांगावे तसे ते वाटले.

तरी चकती गप्पच. उस्तादांनी लांब पेचकसाचे टोक तिच्या डब्यावर टेकवले आणि मूठ कानाला लावली. वैद्य नाडी पाहतो तितका वेळ ते डोळे मिटून ऐकत राहिले.

“मोटर कण्हतेय, पण फिरत नाही. आत आरशासारख्या चकत्या असतात, गुरुजी. त्यांच्यावरून एक बारीक हात फिरतो आणि वाचतो. वर्षानुवर्षं बंद राहिलं की तो हात चकतीला चिकटतो. तुम्ही एका जागी बसून राहिलात तर गुडघे धरतील की नाही?”

“माझे पाच मिनिटांत धरतात.”

“मग याची तर नऊ वर्षं झाली.” त्यांनी पेचकस खाली ठेवला. “मध्ये कधी चालू केलंच नाही? वर्षातून एकदा, अर्धा तास?”

“वर्षातून एकदा पूजा करीत होतो.”

ते हसतील असे मला वाटले होते. ते हसले नाहीत. खाली पाहत हळूच म्हणाले, “पूजेच्या दिवशी बटण दाबलं असतं, तरी पुरलं असतं.”

पोथ्यांना मी दरवर्षी ऊन दाखवतो. रुमाल सोडून पान न्‌ पान उलटतो, कारण न उलटलेली पाने एकमेकांना धरतात, हे मला शिकवलेले आहे. मग या पेटीच्या बाबतीत मी ते का विसरलो? त्याचे उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते मला शोभणारे नाही. पोथी माझी होती. यंत्र तिचे होते, आणि ते उघडले तर ती नाही हे पुन्हा कळेल, याची मला भीती वाटत होती. त्या भीतीला मी भक्तीचे नाव दिले.

उस्तादांनी चकतीचा डबा फडक्यात गुंडाळून ओसरीवर कोवळ्या उन्हात ठेवला. तो कोमट झाल्यावर पुन्हा तारा जोडल्या, दोन्ही तळव्यांत आडवा धरला, आणि वीज सुरू करताच मनगटाला एक छोटा, सपाट हिसका दिला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी आतून बारीक घरघर उठली आणि चढत चढत एका सुरावर स्थिरावली. माझे हात आपोआप जोडले गेले. पडद्यावर तिने केलेल्या बारा धारिका आल्या, एकाखाली एक, एक ते बारा, प्रत्येक अध्यायाची एक.

उस्तादांनी शेजारी एक दुसरी, चांगली चकती जोडून ठेवली होती. माझ्याकडे न बघता, आवाजावर लक्ष ठेवून ते म्हणाले, “गुरुजी, नीट ऐका. हे उठलंय, पण आता बंद झालं तर पुन्हा उठेल असं मी सांगू शकत नाही. जागोजाग खराब झालंय. किती वेळ चालेल, ते त्यालाच ठाऊक. जे सगळ्यांत महत्त्वाचं आहे ते आधी सांगा. कुठून काढू?”

मी त्या दिवशी पहाटे स्नान करून संकल्प सोडला होता. देवीचा पाठ मधून सुरू करीत नाहीत. अध्याय ओलांडून पुढे जात नाहीत. सत्तर वर्षे जिभेला जे वळण होते, त्याच वळणाने उत्तर आले.

“आरंभापासून,” मी म्हणालो.

पहिला अध्याय उतरू लागला. यंत्र एकेक तुकडा वाचत होते, मध्येच अडखळत होते, पुन्हा प्रयत्न करीत होते. माझ्या मनात आले की तिचे शब्द त्या बाजूने येत आहेत तर मूळ श्लोक या बाजूने म्हणावेत. मी आसन ठीक केले आणि पाठ सुरू केला. पहिला अध्याय संपला, दुसरा लागला. उस्ताद खुर्चीत ताठ बसले होते. माझा आवाज, यंत्राची घरघर, आणि बाहेर अंगणात मावशींचे धुणे.

चौथा अध्याय चालू असताना मावशी हात पुसत दारात आल्या. पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“आबा, ह्ये तर कागदावर हाय की. वैनींनी छापून ठिवलंय. मागलं घ्या ना आदी.”

उस्तादांनी झटकन मान वळवली. त्यांना छापील कागदांबद्दल काहीच ठाऊक नव्हते. मी सांगितलेच नव्हते. त्यांची बोटे कळफलकावर थांबली आणि ते माझ्याकडे पाहत राहिले.

पाठ चालू असताना बोलत नाहीत. मी उजवा हात उचलून मावशींना गप्प राहण्याची खूण केली, आणि त्याच हाताने उस्तादांना पुढे चालू द्या असे सुचवले. हे मी न समजता केले असते, तर आज मला लिहायला सोपे गेले असते. मला मावशींचे म्हणणे पुरते समजले होते. त्या खरे बोलत आहेत, हेही कळले होते. पण चौथ्या अध्यायाचे बारा श्लोक उरले होते. ते म्हणून होईपर्यंत काय बिघडणार, असे वाटले. ते झाल्यावर वाटले, आता पाचवा, मग नवव्याच्या आधी तीनच तर राहिले, क्रम कशाला मोडायचा? मावशी काही वेळ उभ्या राहिल्या आणि परत अंगणात गेल्या. उस्तादांनी माझ्या वयाचा मान राखून काम तसेच पुढे चालू ठेवले.

आठवा अध्याय संपला तेव्हा ऊन माथ्यावर आले होते. नववा सुरू झाला. मी पहिला श्लोक म्हटला, दुसरा म्हटला. सहाव्या श्लोकाला आतून एक आवाज आला, टक्‌. मग पुन्हा, टक्‌, टक्‌, एका लयीत, कोणी बंद दारावर बोटाच्या पेराने वाजवावे तसा. उस्ताद उठून उभे राहिले. त्यांनी पेचकस टेकवून ऐकले आणि एकदम वीज बंद केली.

“काय झाले?” मी पाठ सोडून विचारले. सहाव्या श्लोकात पाठ तुटला, आणि आता तो तुटल्याचे मला काहीच वाटले नाही.

“वाचणारा हात पडला, गुरुजी. चालू ठेवलं तर चकती खरवडून निघेल.”

दुपारी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. संध्याकाळी केला. दुसऱ्या दिवशी चकती घेऊन ते स्वतः पुण्याला गेले, जिथे धूळविरहित खोलीत अशा चकत्या उघडतात. आठवड्याने आले ते डबा फडक्यात गुंडाळूनच. पृष्ठभागावरचा लेपच निघाला आहे, त्यावर आता काही लिहिलेले नाही, असे तिथल्यांनी सांगितले होते. उस्तादांनी डबा माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, “आठ अध्याय खरंच कागदावर होते?”

“होते.”

“तुम्ही मला सांगितलं असतंत…” मग स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, “मीच विचारायला पाहिजे होतं. पेशंटच्या घरच्यांना काय कळतं? आम्हीच विचारायचं असतं.”

त्यांनी दोष आपल्याकडे ओढून घेतला, आणि मी तो ओढू दिला. एवढेच नव्हे, तर त्या क्षणी मला थोडे हलकेही वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात जाऊन मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी स्टूल पुढे केले, चहा मागवला, आणि त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

नवव्या अध्यायाचे पाच श्लोक तेवढे उतरले होते. तिच्या मराठीतले ते शेवटचे पाच. पाचव्यात तिने देवीला म्हटले होते, ‘तू रागावलीस तरी इथेच रागाव, दुसरीकडे जाऊन रागावू नकोस.’ मूळ श्लोकात कोपाचा उल्लेख आहे, पण हे लडिवाळ भांडण त्यात कुठेही नाही. ते तिने कुठून आणले, मला माहीत नाही. आम्ही दोघे ते वाक्य कधी बोललो होतो का, हे आठवण्याचा मी बराच प्रयत्न केला.

मग मी स्वतः बसलो. संस्कृत मला येते. प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती सांगू शकतो. सहाव्या श्लोकापासून अर्थ लिहायला घेतला. तीन दिवसांत दहा श्लोक झाले. ते घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याशी उभा राहून मावशींना वाचून दाखवले. त्या मन लावून ऐकत होत्या. माझी लाज राखावी म्हणून मान हलवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला.

“चांगलं हाय, आबा,” त्या म्हणाल्या.

“समजले?”

त्या घोटाळल्या. “तुमी सांगताय म्हंजी बराबरच असंल. पर ह्ये वैनींचं न्हाई.”

“त्यांचे थोडेतरी आठवते का तुम्हाला? त्यांनी वाचून दाखवले होते ना सगळे?”

मावशींनी डोळे मिटले. नळ तसाच वाहत होता. “देवी सांजच्याला दारात बसती, असं कायतरी व्हतं,” त्या म्हणाल्या. “आन मग… न्हाई आबा. तवा गोड लागलं, येवढंच ध्यानात हाय. वैनी हायेत म्हनून कदी पाठ क्येलं न्हाई.”

मीही केले नव्हते. साऱ्या आयुष्यात मी केवळ पाठांतरच केले, आणि तिची एक ओळ पाठ करावी असे मला कधी सुचले नाही. ते लिहिलेले आहे, हीच माझी समजूत.

ते दहा श्लोक मी फाडून टाकले. फाल्गुनात ग्रंथ तळेगावच्या एका छापखान्यात दिला. आठ अध्याय आणि पाच श्लोक तिच्या अर्थासह. तिथून पुढे प्रत्येक श्लोकाखाली, तिचा अर्थ जेवढी जागा घेत असे, तेवढी जागा कोरी सोडायला सांगितली. छापखान्याच्या मालकांनी दोनदा विचारले. “गुरुजी, तुमचाच अर्थ घालू या की. तुमच्याहून मोठा अधिकारी कोण?” मी नको म्हणालो. प्रस्तावनेत याचे कारण लिहावे असे पुष्कळ वाटले. चार वेळा लिहिले, चार वेळा काढले.

चैत्रात देवळात प्रती वाटल्या. पुढच्या मंगळवारी पाठ संपल्यावर कान्ह्याची एक तरुण सून माझ्याकडे आली. नुकतीच येऊ लागली आहे, माझ्या पत्नीला तिने कधी पाहिलेले नाही. पोथी तिने छातीशी धरली होती आणि आठव्या अध्यायात घडी घातलेला कागद खुणेला ठेवला होता.

“आबा, लय छान लिवलंय. सासूबाईंला रोज वाचून दावते. पर माज्या पोथीत मागली पानं छापायची राहिल्यात. बदलून द्या की.”

मी माझ्याजवळची दुसरी प्रत तिला दिली. तिने तिथेच पाटावर बसून ती मागून उघडली, चार-सहा पाने उलटली, पुन्हा उलटली.

“हिच्यात बी न्हाई वो,” ती म्हणाली. “मग कंच्या पोथीत हाय?”

ती हातातली पोथी तशीच उघडी धरून माझ्याकडे पाहत वाट बघत राहिली.